गोल्फ कोर्स म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्फचे सामने टीव्हीवर आवर्जून बघणारी माणसं आपल्याकडे थोडी. पण ‘गोल्फ कोर्स’ हा शब्द मात्र पेपरात, फ्लॅटच्या जाहिरातींत आणि जमिनींच्या वादांत सारखा भेटतो, आणि दर ठिकाणी त्याचा रोख थोडा वेगळा असतो. त्यामुळे प्रश्नही तऱ्हेतऱ्हेचे येतात. नेहमीचे इथे घेतले आहेत. खेळाची नियमावली २०१९ साली बरीच बदलली. खाली नियमांचे उल्लेख आहेत ते त्यानंतरच्या नियमांचे.

गोल्फ कोर्स म्हणजे नेमकं काय?

गोल्फ खेळण्यासाठी आखलेली सगळी जमीन म्हणजे गोल्फ कोर्स. ठरलेल्या जागेवरून पहिला फटका मारायचा आणि लांबवर एका हिरवळीत खणलेल्या छोट्या खळग्यात चेंडू कमीत कमी फटक्यांत घालायचा, हा खेळाचा एक टप्पा. असे टप्पे एकापुढे एक रचलेले असतात. बहुतेक ठिकाणी १८, जागा कमी असेल तर ९.

क्रिकेटची खेळपट्टी जगात कुठेही गेलात तरी २२ यार्डांचीच. टेनिसचं कोर्टही ठरल्या मापाचं. गोल्फ कोर्सला असं माप नाही. लांबी किती, रुंदी किती, झाडं कुठे, तळं कुठे, चढ किती, यावर नियमावली गप्प आहे. तिने जमिनीतलं एकच माप घट्ट बांधलंय, ते त्या खळग्याचं. व्यास ४.२५ इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, आणि खोली कमीत कमी ४ इंच. बाकी सगळं जमीन ठरवते आणि ती आखणारा ठरवतो. म्हणूनच एका कोर्सवर ७८ फटक्यांत फेरी संपवणारा दुसरीकडे ९० वर जातो, आणि त्यात त्याचा खेळ बिघडलेला असेलच असं नाही. सोबतचा खेळाडू आपला शेजारून गप्पा मारत चालत असतो. खरी झुंज जमिनीशी असते, आणि हे एकदा ध्यानात आलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

‘होल’ म्हणजे भोकच ना? मग ‘४०० यार्डांचा होल’ कसा काय?

गोल्फमध्ये होल दोन अर्थांनी चालतो. एक म्हणजे ते भोक. दुसरा म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून भोकापर्यंतचा अख्खा टप्पा. ‘सातवा होल अवघड आहे’ असं कुणी म्हणालं की तो टप्पा समजायचा. ‘चेंडू होलच्या काठावर थांबला’ म्हटलं की भोक. खेळणाऱ्यांचा कधी घोटाळा होत नाही, बातमी लिहिणाऱ्यांचा मात्र होतो.

भोक कायमचं एका जागी नसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी माळी कप कटर घेऊन ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, येतो. हे वरती दोन मुठी आणि खाली धारदार गोल पातं असलेलं अवजार. नवी जागा निवडायची, कटर दाबून गोल फिरवायचा आणि गवतासकट मातीची नळकांडी उचलायची. भोकात पांढरा कप बसवायचा, त्यात झेंड्याची काठी. काढलेली माती नेऊन कालच्या भोकात बरोबर बसवायची, वरची पातळी हाताने चाचपायची आणि थोडं पाणी मारायचं. पातळी अर्धा सेंटिमीटर जरी चुकली तरी दुसऱ्या दिवशी तिथून जाणारा चेंडू उडी मारतो आणि शिव्या माळ्याला बसतात. एवढा उपद्व्याप कशाला, तर भोकाभोवती पावलं पडून गवत मरतं, आणि जागा बदलली की तोच टप्पा नव्याने अवघड होतो.

४.२५ हा विचित्र आकडा स्कॉटलंडमधल्या मसलबरा इथल्या जुन्या कटरचा मानतात. तिथे १८२९ मधला त्या मापाचा कटर आहे. स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १८९१ मध्ये हेच माप सगळ्यांसाठी पक्कं केलं.

एका टप्प्यात काय काय असतं?

सुरुवातीला टी. सपाट, बारीक कापलेला चौथरा, त्यावर रंगीत खुणा. एकाच टप्प्याला तीन-चार टी असतात: पट्टीच्या खेळाडूंची सगळ्यात मागे, नवख्यांची पुढे. टीपासून पुढे पसरलेला, नीट कापलेला पट्टा म्हणजे फेअरवे. त्याच्या दोन्ही कडांना वाढू दिलेलं गवत म्हणजे रफ. तिथे गेलेला चेंडू सापडला तरी मारता येत नाही नीट, आणि शोधायला मिळतात फक्त ३ मिनिटं (२०१९ पूर्वी ५ होती). वाळूचे खड्डे म्हणजे बंकर. बंकरमधून बाहेर पडल्यावर आपल्या पावलांचे ठसे दाताळ्याने पुसून जायचं, हा शिष्टाचार न पाळणाऱ्याबरोबर पुन्हा कुणी खेळत नाही.

तळी, ओढे आणि कधी कधी नुसती झाडीसुद्धा ‘पेनल्टी एरिया’त येते. लाल किंवा पिवळ्या खुंट्यांवरून ती ओळखायची. पांढऱ्या खुंट्यांपलीकडे कोर्सची हद्द संपली. आणि शेवटी ग्रीन: तीन-चार मिलिमीटरवर कापलेली हिरवळ, जिथे चेंडू उडवत नाहीत, घरंगळवतात. टीव्हीवर ती सपाट दिसते. प्रत्यक्षात बसून पाहिलं की उतार कळतो, आणि कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा, मागून सांगतो, ‘साहेब, डावीकडे एक कप बाहेर.’ म्हणजे भोकाच्या डाव्या कडेबाहेर एका भोकाएवढ्या अंतरावर नेम धरा, उतार चेंडूला आत आणेल.

कॅडींच्या तोंडचा आणखी एक शब्द सांगायलाच हवा: आगेवाला. तो पिशवी उचलत नाही. फटका पडायच्या आधीच पुढे जाऊन उभा राहतो आणि चेंडू कुठे पडला ते बघतो. बाहेरच्या देशांत हा माणूस कमी दिसतो, आपल्याकडे तो कितीतरी क्लबांत रोजचा.

अठराच टप्पे का?

व्हिस्कीच्या बाटलीत १८ पेले भरतात म्हणून, ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. ती थापच आहे.

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर समुद्रालगत अरुंद पट्टा होता. तिथे १२ भोकं होती. खेळाडू एका टोकाला जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. त्यातली १० भोकं जाताना आणि येताना अशी दोनदा खेळली जात, म्हणून फेरी २२ टप्प्यांची. १७६४ मध्ये पहिले चार टप्पे फारच आखूड आहेत असं वाटून त्यांचे दोन केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, राहिले १८. पुढे सेंट अँड्र्यूजचं वजन वाढलं तसा तिथला आकडा सगळ्यांचा झाला. पण लगेच नाही. ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फची मोठी स्पर्धा १८६० मध्ये स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला सुरू झाली तेव्हा तो कोर्स १२ टप्प्यांचा होता, आणि आठ खेळाडूंनी एका दिवसात त्याच्या तीन फेऱ्या मारल्या.

त्या जुन्या ये-जा करण्याची खूण ओल्ड कोर्सवर अजून शाबूत आहे. तिथे सात ग्रीन जोडग्रीन आहेत: एकाच अवाढव्य हिरवळीत दोन भोकं, एक जाणाऱ्यांसाठी, एक येणाऱ्यांसाठी. जोडीतल्या टप्प्यांचे क्रमांक मिळवले की बेरीज दरवेळी १८ येते. दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा, असे. रविवारी कोर्स बंद असतो आणि गावकरी तिथे कुत्री फिरवतात. जगातल्या सगळ्यात मानाच्या गोल्फ कोर्सवर आठवड्यातून एक दिवस फाटकच नसतं, हे आपल्याकडच्या क्लबांना पटवून बघा!

‘पार’ म्हणजे काय?

तरबेज खेळाडूला त्या टप्प्यासाठी अपेक्षित फटके. आखूड टप्पा पार ३, मधला पार ४, लांब पार ५. अठरांची बेरीज सहसा ७० ते ७२. एक फटका वाचवला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. पुढे स्लोप रेटिंग नावाचा आकडाही भेटेल. नवख्या खेळाडूला तो कोर्स तरबेजाच्या मानाने किती जास्त छळतो, ते त्यावरून कळतं. ५५ ते १५५ पर्यंत जातो, ११३ मध्यम धरतात.

जागा किती लागते?

१८ टप्प्यांसाठी साधारण १२० ते १८० एकर. मोठ्या स्पर्धांचा कोर्स ७,००० यार्डांच्या घरात, म्हणजे सहा-साडेसहा किलोमीटर. एका ग्रीनवरून पुढच्या टीवर जायचं, वाकडे गेलेले चेंडू शोधायचे, हे धरलं तर पायी फेरी आठ-दहा किलोमीटरची होते आणि चार तास सहज जातात.

मैदान, क्लब, कोर्स, लिंक्स, रेंज: एकच की वेगवेगळं?

वेगवेगळं. कोर्स ही जमीन. क्लब ही संस्था, तिचे सभासद, तिचं कार्यालय. (आणि फटका मारायच्या काठीलाही क्लबच म्हणतात. पिशवीत जास्तीत जास्त १४ चालतात.) कोर्स नसलेला क्लब असू शकतो आणि क्लबशिवायचा कोर्सही. ओल्ड कोर्सच घ्या. ती सार्वजनिक जमीन आहे, आणि गावातले अनेक क्लब तिच्यावर खेळतात.

लिंक्स म्हणजे समुद्राकाठच्या वाळूच्या टेकाडांवरचा, झाडं जवळजवळ नसलेला, वाऱ्यावर सोडलेला कोर्स. गोल्फ तिथेच वाढला. इंग्रजी पेपर सरसकट कुठल्याही कोर्सला लिंक्स म्हणतात, ते सैल बोलणं झालं. झाडीतल्या, आखीव कोर्सला पार्कलँड म्हणतात. आपल्याकडचे बहुतेक त्या प्रकारचे.

ड्रायव्हिंग रेंज ही नुसती सरावाची जागा. बादलीभर चेंडू विकत घ्यायचे आणि एका जागी उभं राहून मारत सुटायचं. मॉलमधलं मिनी गोल्फ, पवनचक्कीच्या पंखांमधून चेंडू घालायचं, ते करमणुकीचं. त्याला गोल्फ म्हणा, कोर्स म्हणू नका.

‘मैदान’ हा शब्द पेपरात सर्रास वापरतात आणि त्याने फारसं बिघडत नाही. पण नाशिकला तो भलताच फसवतो. तिथलं ‘गोल्फ क्लब मैदान’, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, रणजी सामन्यांसाठी आणि सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांसाठी प्रसिद्ध. गोल्फ खेळायची काठी घेऊन तिथे गेलात तर लोक बघत राहतील. उलटा प्रकार लष्करी छावण्यांत. तिथल्या बऱ्याच गोल्फ कोर्सचं कागदोपत्री नाव ‘पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र’ असतं. त्यावर कॅगने ताशेरेही ओढले होते. एकीकडे नाव आहे, गोल्फ नाही. दुसरीकडे गोल्फ आहे, नाव नाही.

गवत कुठलं असतं? परदेशातून आणतात का?

थंड मुलखात बेंटग्रास. उष्ण प्रदेशांत बहुतांशी बर्म्युडा ग्रास. नाव ऐकून विमानाने आल्यासारखं वाटतं, पण सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा तीच. शेतकरी जिच्यामागे कुदळ घेऊन जन्म घालवतो, तिलाच इथे खत-पाणी घालून जपतात. तुडवलं, कापलं, उन्हाने जाळलं तरी गाठीगाठीतून पुन्हा फुटायचा तिचा चिवटपणा दोन्हीकडे तोच. शेतात त्याचा वैताग येतो, फेअरवेवर त्याचे पैसे मोजतात. ग्रीनवर मात्र साधी हरळी चालत नाही. तिथे टिफड्वार्फसारख्या बुटक्या संकरित जाती लावतात, कारण रोज तीन-चार मिलिमीटरवर कापणं साध्या जातीला सोसत नाही. समुद्राजवळ खारं पाणी असेल तर पास्पालम नावाचं गवत वापरतात.

गवत परवडत नसे तिथे ‘ग्रीन’च्या जागी ‘ब्राउन’ करत: तेल मिसळून दाबलेल्या वाळूचं गोल वर्तुळ. भारतात छावण्यांच्या आणि मळ्यांच्या गावी असे कितीतरी कोर्स होते. आपला फटका मारायच्या आधी झाडूने वाळू सारखी करून घ्यायची. त्यावर खेळलेल्या जुन्या मंडळींचं म्हणणं असं की ब्राउनवर नेम चुकला तर उताराला दोष देता येत नाही.

पावसाळ्यात खेळ बंद असतो का?

मुसळधार सुरू असताना आणि विजा कडाडत असताना हो. एरवी चालू असतो. कोकणपट्टीतल्या कोर्सवर जुलैत चेंडू फेअरवेवर पडतो तो घरंगळत नाही, जागीच रुततो. असा रुतलेला चेंडू दंड न लागता उचलून शेजारी सोडता येतो. साचलेल्या डबक्यातूनही तशीच सुटका. शिवाय क्लब ‘प्रेफर्ड लाय’चा स्थानिक नियम लावतात: चेंडू उचला, पुसा, जवळच ठेवा. माझं मत विचाराल तर ऑगस्टमधला कोर्स बघायला सगळ्यात देखणा आणि खेळायला सगळ्यात कटकटीचा.

कावळ्याने चेंडू पळवला तर?

हसू नका, मुंबई-पुण्यात हा खरा प्रश्न आहे. कावळे आणि घारी पांढरा चेंडू अंडं समजून उचलतात. थांबलेला चेंडू पक्ष्याने नेला हे नक्की माहीत असेल तर दंड नाही. तो जिथे होता तिथे दुसरा ठेवायचा. ‘बहुतेक नेला असेल’ एवढ्यावर भागत नाही. आगेवाल्याने बघितलेलं असलं की काम होतं.

गोल्फ कोर्सला लोक विरोध का करतात?

पाणी आणि जमीन. हिशेब सोपा आहे. कोरड्या दिवसांत हिरवळीला रोज ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. एका एकराला ते २०,००० लिटर होतं, म्हणजे दहा हजारी टँकर दोन. साठ एकर भिजवायचे तर दिवसाला बारा लाख लिटर. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरलं तर प्रश्न बराच हलका होतो, आणि आज नवा कोर्स बांधणाऱ्याने दुसरं पाणी मागूच नये. पण मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये ‘प्रक्रिया केलेलं आहे हो’ हे सांगून कुणाचं समाधान होत नाही, आणि का व्हावं? खतं आणि कीटकनाशकं जमिनीत झिरपतात, हा दुसरा मुद्दा.

गोव्यात हा वाद जुना आहे. गोल्फ पर्यटनाच्या योजनांना तिथे नव्वदच्या दशकाच्या आसपासच विरोध सुरू झाला होता. २९ एप्रिल १९९३ ला मलेशियातल्या पेनांगमध्ये आशियातल्या संघटनांनी जागतिक गोल्फविरोधी चळवळ जाहीर केली, तीही याच काळातली. अलीकडचं उदाहरण तेरेखोलचं. नदीपलीकडे महाराष्ट्राला चिकटलेला गोव्याचा तो छोटा तुकडा. तिथल्या प्रस्तावित गोल्फ रिसॉर्टविरुद्ध गावकरी उभे राहिले, कूळ आणि मुंडकारांच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या) हक्कांचा प्रश्न न्यायालयात गेला. तिथे भांडण गवताचं नव्हतंच. जमीन कसणाऱ्याची की कागद असणाऱ्याची, हे होतं.

महाराष्ट्रात कोर्स कुठे आहेत? सभासद नसताना खेळता येतं का?

मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा. ताडदेवला विलिंग्डन. पुण्यात येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स, बावधनकडे ऑक्सफर्ड. नवी मुंबईत खारघरला डोंगराच्या कुशीत सिडकोने बांधलेला. याशिवाय लष्कराचे आणि हवाई दलाचे. गोल्फपटू अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्याचा, आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळलेला उदयन माने पुण्यातलाच. (देशातला सगळ्यात जुना क्लब मात्र कोलकात्याचा, १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो पहिला.)

जुन्या क्लबांत सभासदाचे पाहुणे म्हणून जाता येतं, किंवा अन्य क्लबाचं हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, दाखवून. खारघरसारख्या ठिकाणी ग्रीन फी भरून खेळता येतं. ग्रीन फी म्हणजे एका फेरीचं भाडं. कॅडीचे पैसे आणि भाड्याचा संच त्यात धरलेला नसतो, आधी विचारून घ्या.

जाहिरातीत ‘गोल्फ कोर्स व्ह्यू’ असेल तर काय तपासायचं?

पहिलं, कोर्स खरंच आहे की नकाशात रंगवलाय. दुसरं, किती टप्प्यांचा. ‘एक्झिक्युटिव्ह कोर्स’ म्हणजे आखूड टप्प्यांचा छोटा कोर्स, आणि ‘पटिंग ग्रीन’ म्हणजे तर बागेतली एक हिरवळ, कोर्स नव्हेच. तिसरं, जमीन कुणाची आणि तिच्यावर पुढे बांधकाम होऊ शकतं का. विकास आराखड्यात ती मोकळी जागा म्हणून आरक्षित नसेल तर आजचा व्ह्यू उद्या समोरच्या टॉवरचा. चौथं, इमारत कुठल्या टीच्या उजव्या हाताला आहे. नवखे खेळाडू बहुतेक उजव्या हाताने खेळतात आणि त्यांचा चेंडू उजवीकडे वळत जातो. त्या बाजूच्या खालच्या मजल्यांवर काचा फुटतात.

पहिल्यांदा बघायला जायचंय. काय पाळायचं?

कॉलर असलेला शर्ट घाला, गोल गळ्याच्या टी-शर्टवर बरेच क्लब दारातूनच परत पाठवतात. मोबाइल गप्प ठेवा. कुणी फटका मारायला उभं राहिलं की जिथे आहात तिथेच थांबा. ग्रीनवर चेंडू आणि भोक यांच्या मधल्या रेषेवर पाय देऊ नका. मारणाऱ्याच्या नेहमी मागे किंवा बाजूला राहा, पुढे कधीच नाही. आणि ‘फोर!’ अशी आरोळी आली तर चेंडू कुठून येतोय ते बघायला मान वर करू नका. डोक्यावर हात, आणि खाली वाका.